कंपनी काही दिवस बंद ठेवली तर पगाराचे काय?

गेटवर नोटीस लागते. "उत्पादन पुढील सूचना मिळेपर्यंत बंद राहील." कधी खाली सही-शिक्का असतो, कधी तोही नसतो. आता तर बऱ्याच ठिकाणी नोटीससुद्धा लावत नाहीत. रात्री साडेनऊला ग्रुपवर सुपरवायझरचा मेसेज येतो, उद्यापासून पाच दिवस येऊ नका. चाकण, वाळूज, बुटीबोरी, तळोजा, अंबड, कुठल्याही एमआयडीसीत काम करणाऱ्या पोराला विचारा, वर्षातून एकदा तरी हा अनुभव त्याला येतोच. वरच्या मोठ्या कंपनीची ऑर्डर कमी झाली की खालच्या पुरवठादारांकडे 'नो प्रोडक्शन डे' सुरू होतात. पगार आला की त्यातले पाच दिवस कापलेले दिसतात. विचारले तर एकच उत्तर मिळते, "काम नाही तर दाम नाही."

हे उत्तर अनेकदा कायद्याला धरून नसते. पण ते खोडून काढायचे तर कायदा नेमका काय म्हणतो हे माहीत हवे. आपल्या चळवळीतल्या मुलांना अॅट्रॉसिटी कायद्याची कलमे पाठ असतात, बिंदुनामावली समजते, जातपडताळणीचे नियम समजतात. हजेरीपट म्हणजे काय आणि त्यावर आपले नाव आहे की नाही, हे मात्र फार थोडे जण तपासतात. या लेखातली सगळी मांडणी त्या हजेरीपटाभोवतीच फिरते.

बंदला नाव काय आहे?

कंपनी बंद राहण्याचे प्रकार वेगवेगळे आहेत आणि प्रत्येकात पगाराचा हिशेब वेगळा आहे. मालक कोणता शब्द वापरतो यापेक्षा प्रत्यक्षात काय घडले हे महत्त्वाचे.

कोळसा, वीज किंवा कच्चा माल नाही, माल पडून राहिला आहे, यंत्र बिघडले आहे, नैसर्गिक आपत्ती आली आहे किंवा याच जातीचे दुसरे कारण आहे, आणि त्यामुळे मालक हजेरीपटावरच्या कामगाराला काम देऊ शकत नाही किंवा देत नाही, याला कायद्यात ले-ऑफ म्हणतात. नोकरी जात नाही, नाव पटावर राहते, फक्त काम थांबते. टाळेबंदी वेगळी. तिथे मालक कामगारांवर दबाव आणण्यासाठी, म्हणजे वाद चालू असताना, दार बंद करतो. कायमचे बंद करणे तिसरे आणि माणसे कमी करणे, ज्याला कामगार कपात म्हणतात, ते चौथे.

इथे एक गोंधळ हमखास होतो. हिंजवडीत किंवा बेंगळुरूत आयटी कंपनीने शंभर जणांना घरी पाठवले की सगळी वर्तमानपत्रे 'ले-ऑफ' लिहितात. आपल्या कायद्यात तो ले-ऑफ नाही. तो कपात आहे किंवा सरळ बडतर्फी आहे. कपातीत एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार आणि सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचे सरासरी वेतन द्यावे लागते. त्यामुळे एचआरने पत्रात 'ले-ऑफ' लिहिले म्हणून निम्म्या पगाराच्या हिशेबाला मान डोलावू नका. आधी नाव पटावर आहे की काढले, ते विचारा.

टाळेबंदी बेकायदा किंवा असमर्थनीय ठरली तर त्या काळाचे वेतन मागता येते. संपाचे उलट आहे. संप कायदेशीर आणि समर्थनीय असा दोन्ही असेल तरच संपाच्या काळातला पगार मिळू शकतो, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये सिंडिकेट बँकेच्या प्रकरणात सांगितले आहे. म्हणून बंदच्या काळात मालक जेव्हा "हे तर संपावर गेले होते" असे लिहून ठेवतो, तेव्हा ते नुसते आरोप नसतात, त्यात पगार बुडवायची तयारी असते.

निम्मा पगार, पण कशाचा निम्मा?

१९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात ले-ऑफची भरपाई कलम २५-सी मध्ये होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही कामगार संहिता लागू झाल्या आणि आता हीच तरतूद औद्योगिक संबंध संहिता, २०२० च्या कलम ६७ मध्ये आहे. मजकूर जवळपास तोच आहे. एक वर्ष सलग सेवा झालेल्या, हजेरीपटावर नाव असलेल्या कामगाराला ले-ऑफच्या प्रत्येक दिवसासाठी, मधल्या साप्ताहिक सुट्ट्या वगळून, मूळ वेतन अधिक महागाई भत्ता यांच्या ५० टक्के भरपाई.

हातात येणाऱ्या पगाराच्या निम्मे नव्हे. हा फरक आकड्यांत पाहू. समजा एखाद्याचा महिन्याचा पगार १८,००० रुपये आहे. त्यात मूळ वेतन ९,०००, महागाई भत्ता ३,००० आणि बाकी ६,००० घरभाडे वगैरे भत्ते. कंपनी १२ दिवस बंद राहिली, त्यात दोन साप्ताहिक सुट्ट्या गेल्या, म्हणजे १० दिवस. १२,००० ला २६ ने भागले तर दिवसाचे साधारण ४६२ रुपये, त्याचे निम्मे २३१. दहा दिवसांचे सुमारे २,३०८ रुपये. त्याच दहा दिवसांचा पूर्ण पगार ६,९२३ होतो. म्हणजे 'निम्मा पगार' म्हणता म्हणता हातात तिसरा हिस्सा येतो. भत्त्यांचा भाग जितका फुगवलेला तितका ले-ऑफ मालकाला स्वस्त. पगारपत्रकात मूळ वेतन लहान आणि भत्ते मोठे का ठेवतात, याचे एक उत्तर इथेही आहे. पीएफ वाचवणे हे दुसरे.

एक वर्ष सलग सेवा म्हणजे ३६५ दिवस प्रत्यक्ष हजेरी नव्हे. मागच्या १२ महिन्यांत २४० दिवस काम झाले असेल तर ते सलग वर्ष धरले जाते. खाणीत जमिनीखाली काम असेल तर १९० दिवस. या दिवसांत ले-ऑफचे दिवस, भरपगारी रजा, कामावरच्या अपघातामुळे गेलेले दिवस आणि प्रसूती रजा हेही मोजले जातात. मालकाने मुद्दाम मधे मधे बंद ठेवून २४० भरूच द्यायचे नाहीत, ही युक्ती त्यामुळे कागदावर तरी चालत नाही.

आता दोन तासांचा नियम. हा फारसा कुणाला ठाऊक नसतो. कामगार ठरलेल्या वेळी कामावर हजर झाला आणि दोन तासांत त्याला काम दिले नाही, तर त्या दिवसाचा तो ले-ऑफ धरला जातो. त्याला शिफ्टच्या दुसऱ्या अर्ध्या भागात या म्हणून सांगितले आणि तेव्हा काम दिले, तर फक्त अर्ध्या दिवसाचा ले-ऑफ. दुसऱ्या वेळी येऊनही काम दिले नाही तर त्या उरलेल्या अर्ध्या भागाचे पूर्ण मूळ वेतन आणि महागाई भत्ता द्यावा लागतो. म्हणजे माणसाला दुपारपर्यंत गेटवर ताटकळत ठेवून हात हलवत परत पाठवायचे, हे फुकट नाही.

४५ दिवसांचा गैरसमज

"४५ दिवसांनंतर काही मिळत नाही" हे वाक्य युनियनच्या जुन्या कार्यकर्त्यांच्याही तोंडी ऐकू येते. कायदा असे म्हणत नाही. १२ महिन्यांत ४५ दिवसांपेक्षा जास्त ले-ऑफ झाला तर पुढच्या दिवसांची भरपाई बंद होते, पण केव्हा? कामगार आणि मालक यांच्यात तसा करार असेल तर. करार नसेल तर भरपाई चालूच राहते. म्हणून वेतनवाढीच्या करारात कोपऱ्यात एखादे कलम घुसवले आहे का, हे सही करण्याआधी वाचणे भाग आहे. वेतनवाढीचा आकडा सगळे वाचतात, हे कलम कुणी वाचत नाही.

४५ दिवसांनंतर मालकाला दुसरी वाटही खुली होते. तो नियमाप्रमाणे कपात करू शकतो आणि मागच्या १२ महिन्यांत दिलेली ले-ऑफ भरपाई कपातीच्या भरपाईतून वळती करून घेऊ शकतो. लांबलेला ले-ऑफ बहुतेक वेळा कपातीच्या आधीची पायरी असतो, हे लक्षात ठेवून त्या महिन्यांत सगळे कागद जपून ठेवावेत.

कुंपणाबाहेर कोण?

इथवर वाचून समाधान वाटले असेल तर आता खरी अडचण पाहू. ही भरपाई फक्त कारखाना, खाण आणि मळा यांना लागू आहे. दुकान, हॉटेल, मॉल, कॉल सेंटर यांना नाही. कारखान्यातही मागच्या महिन्यात दररोज सरासरी ५० कामगार असले पाहिजेत. हंगामी कारखाना असेल तर नाही. बदली आणि नैमित्तिक कामगारांना नाही. देखरेखीचे काम करणारा आणि महिना १८,००० पेक्षा जास्त घेणारा असेल तर तो 'कामगार'च नाही, म्हणून त्यालाही नाही.

'बदली' हा शब्द आपल्याला नवा नाही. मुंबईच्या गिरण्यांमध्ये रोज पहाटे गेटवर उभे राहायचे, कुणी गैरहजर असेल तर त्याच्या जागी आत जायचे, नाही तर घरी परतायचे, असे जगलेले आजोबा-पणजोबा परळ, नायगाव, वरळीच्या चाळींत घरोघरी होते. विणकाम खात्यात मजुरी जास्त होती, पण तिथे तुटलेला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे म्हणून अस्पृश्यांना त्या खात्यात घेत नसत. १९२८-२९ च्या संपकाळात बाबासाहेबांनी हा प्रश्न उघडपणे मांडला. गिरण्या गेल्या. पण कमी हक्काची कामे कुणाच्या वाट्याला येतात याचा हिशेब फारसा बदललेला दिसत नाही. आज त्यांना कंत्राटी, ट्रेनी, 'शिका आणि कमवा' असे म्हणतात. त्यात आपल्या वस्तीतली किती मुले आहेत, हे प्रत्येकाने आपल्या गल्लीत मोजून पाहावे.

तरीही कुंपणाबाहेर सगळा अंधार नाही. बदली कामगाराने एक वर्ष सलग सेवा पूर्ण केली की भरपाईच्या कलमापुरता तो बदली राहत नाही, असे त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात लिहिले आहे. म्हणजे ओळखपत्रावर 'बदली' छापले आहे एवढ्याने प्रश्न संपत नाही, २४० दिवसांचा पुरावा लागतो.

५० पेक्षा कमी कामगार असलेल्या ठिकाणी मालक म्हणतो की कायदा लागू नाही, म्हणून एक रुपयाही नाही. इथे १९७६ चा फायरस्टोन टायरचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल कामी येतो. मुंबईच्या कारखान्यात संप झाला म्हणून कंपनीने दिल्लीच्या वितरण कार्यालयातल्या कामगारांना ले-ऑफ दिला होता. तिथे कामगार ५० पेक्षा कमी होते. न्यायालयाचे म्हणणे थोडक्यात असे होते. ले-ऑफ करणे हा मालकाचा जन्मसिद्ध अधिकार नाही. तो कायद्यातून, स्थायी आदेशांतून किंवा नोकरीच्या करारातून यायला हवा. यापैकी कुठेच तो अधिकार नसेल तर नोकरी चालू आहे आणि काम नाकारले आहे, म्हणून तत्त्वतः पूर्ण वेतन देणे लागते. ले-ऑफमागची कारणे खरी असतील तर न्यायाधिकरण रक्कम कमी करू शकते. म्हणजे छोट्या ठिकाणी ५० टक्क्यांचा कायदा लागू नाही याचा अर्थ शून्य टक्के असा होत नाही. उलट मालकाकडे ले-ऑफचा अधिकारच नसेल तर दावा पूर्ण पगारापासून सुरू होतो. हा मुद्दा कामगार कार्यालयात तोंडी बोलून उपयोग नाही, लेखी अर्जात घालावा लागतो. नेमणूकपत्रात ले-ऑफबद्दल काही लिहिले आहे का, हेही त्यासाठी आधी पाहावे.

कंत्राटी कामगारांसाठी एक गोष्ट पक्की आहे. ठेकेदाराने केलेल्या कामाचे वेतन दिले नाही तर ते देण्याची जबाबदारी मूळ मालकावर येते. जुन्या कंत्राटी कामगार कायद्यात हे होते, नव्या संहितेतही आहे. अट बदलली आहे, पूर्वी २० कामगारांपासून कायदा लागू होत असे, आता ५० पासून.

बाबासाहेब आणि हा कायदा

दर १ मे रोजी आणि १४ एप्रिलला मोबाइलवर एक यादी फिरते. कामगारांचा प्रत्येक हक्क, ले-ऑफची भरपाईसुद्धा, बाबासाहेबांनीच दिला असे त्यात असते. बाबासाहेबांचे खरे काम इतके मोठे आहे की त्यात भर घालायची गरज नाही. १९३६ मध्ये स्वतंत्र मजूर पक्ष त्यांनी काढला. १९३८ मध्ये मुंबई प्रांताच्या काँग्रेस सरकारने औद्योगिक विवाद विधेयक आणले आणि त्यात संपाचा हक्क आवळला. बाबासाहेबांनी विधिमंडळात त्याला कडाडून विरोध केला. संपाचा हक्क म्हणजे स्वातंत्र्याचाच हक्क, अशी त्यांची मांडणी होती. ७ नोव्हेंबर १९३८ ला कम्युनिस्टांसोबत एक दिवसाचा संप झाला. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री म्हणून त्यांनी सरकार, मालक आणि कामगार यांना एका टेबलावर बसवणारी त्रिपक्षीय परिषद चालवली, सेवायोजन कार्यालयांची घडी बसवली आणि बारमाही कारखान्यांतले आठवड्याचे तास ५४ वरून ४८ वर आणणारी दुरुस्ती १९४६ मध्ये मार्गी लावली.

ले-ऑफची भरपाई मात्र १९४७ च्या मूळ कायद्यात नव्हतीच. १९५३ मध्ये कापड गिरण्यांत माल साचला आणि कामगारांना घरी बसवण्याची लाट येऊ लागली, तेव्हा आधी अध्यादेश आणि मग दुरुस्ती कायदा होऊन २४ ऑक्टोबर १९५३ पासून ती लागू झाली. बाबासाहेब त्याआधी १९५१ मध्येच मंत्रिमंडळातून बाहेर पडले होते. हे सांगण्याचे कारण एवढेच की कामगार न्यायालयात किंवा चर्चेत समोरचा माणूस एक चुकीचा दाखला पकडतो आणि मग आपला बरोबर असलेला मुद्दाही हसण्यावारी नेतो.

धम्माच्या बाजूनेही या विषयाला आधार आहे. सिगालोवाद सुत्तात सहा दिशांची कर्तव्ये सांगताना खालची दिशा म्हणजे सेवक आणि कामगार. मालकाने त्यांना झेपेल एवढेच काम द्यावे, अन्न आणि वेतन द्यावे, आजारपणात काळजी घ्यावी, गोडधोड वाटून खावे आणि वेळेवर सुट्टी द्यावी, असे भगवान बुद्ध तिथे सांगतात. पुढे कामगारांचीही कर्तव्ये येतात. वर्षावासात विहारांमधून हे सुत्त गृहस्थांसाठी म्हणून सांगितले जाते, पण नातेवाईक आणि मित्र यांच्या दिशांवरच बहुतेक वेळ जातो. वस्तीतले निम्मे श्रोते एमआयडीसीत किंवा महापालिकेच्या ठेक्यावर असताना खालच्या दिशेवर एखादे प्रवचन व्हायला हरकत नसावी.

३०० चा आकडा

मोठ्या कारखान्यांना ले-ऑफ देण्याआधी सरकारची परवानगी लागते. ही तरतूद १९७६ मध्ये आणीबाणीत आली, तेव्हा ती ३०० किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणांना होती. १९८४ पासून १०० केली गेली. नव्या संहितेने ती पुन्हा ३०० वर नेली. ज्या कारखान्यात १०० ते २९९ कामगार आहेत तिथल्या मालकाला आता परवानगीसाठी कुणाकडे जावे लागत नाही. पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर पट्ट्यातले सुटे भाग बनवणारे कितीतरी कारखाने याच मापाचे आहेत. 'व्यवसाय सुलभता' हे कारण दिले जाते. सुलभता कुणाची झाली हे नोटीस गेटवर लागते तेव्हा कळते. नियोक्त्याने स्थायी आदेश करणे बंधनकारक असलेली मर्यादाही केंद्रीय कायद्यातल्या १०० वरून ३०० झाली आहे.

३०० आणि त्यापुढच्या ठिकाणी वीजटंचाई, नैसर्गिक आपत्ती अशी कारणे सोडून परवानगीशिवाय दिलेला ले-ऑफ बेकायदा ठरतो आणि कामगाराला ले-ऑफ झालाच नाही असे धरून सगळे लाभ, म्हणजे पूर्ण वेतन, मिळते. पण सरकारने अर्जावर ६० दिवसांत निर्णय कळवला नाही तर परवानगी मिळाली असे मानले जाते. त्यामुळे अर्ज झाला आहे असे कळले की आपले म्हणणे त्या ६० दिवसांतच लेखी द्यावे.

नव्या संहितांत सगळेच वाईट आहे असेही नाही. कपात झाली तर शेवटच्या वेतनाच्या १५ दिवसांइतकी रक्कम मालकाने पुनर्कौशल्य निधीत भरायची आणि ती कामगाराच्या खात्यात ४५ दिवसांत जमा व्हायची, ही तरतूद पूर्वी नव्हती. वार्षिक रजेसाठी लागणारे दिवस २४० वरून १८० केले आहेत आणि ले-ऑफचे दिवसही त्यात मोजले जातात. गरोदर स्त्रीला प्रसूती लाभासाठी १२ महिन्यांत ८० दिवस काम दाखवावे लागते, त्यातही ले-ऑफचे दिवस धरावेच लागतात. हे जुन्या कायद्यातही होते, पण "तुझे ऐंशी भरत नाहीत" असे सांगून मुलींना परत पाठवले जाते, म्हणून मुद्दाम लिहिले. ग्रॅच्युइटीच्या सेवेतही ले-ऑफमुळे खंड पडत नाही.

लॉकडाऊनने काय शिकवले

२५ मार्च २०२० पासून सगळा देश बंद झाला. २९ मार्चला केंद्रीय गृह मंत्रालयाने आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली आदेश काढला की बंदच्या काळात कुणाचाही पगार कापू नये. मालक सर्वोच्च न्यायालयात गेले. १७ मे रोजी सरकारने नवा आदेश काढला आणि १८ मेपासून ते बंधन संपले. १२ जूनला न्यायालयाने मालकांवर सक्तीची कारवाई करू नये आणि दोन्ही बाजूंनी बंदच्या काळातल्या पगाराबाबत आपसात बोलणी करावीत असे सांगितले. ज्यांच्याकडे मजबूत युनियन होती त्यांनी बोलणी केली. बाकीच्यांशी कोण बोलणार होते?

आपल्या दृष्टीने जास्त उपयोगी आहेत ते मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाचे त्या काळातले दोन आदेश. ३० एप्रिल २०२० ला अलाइन कंपोनंट्सच्या प्रकरणात खंडपीठाने मालकांना प्रवास आणि जेवणाचा भत्ता वगळून पगार द्यायला सांगितले. काम सुरू झाल्यावर जे स्वतःहून येणार नाहीत त्यांचा पगार कापण्याची मुभाही दिली. १२ मे रोजी तुळजापूरच्या तुळजाभवानी मंदिर संस्थानातल्या कंत्राटी कामगारांच्या प्रकरणात न्यायालयाने म्हटले की अशा असाधारण परिस्थितीत 'काम नाही तर दाम नाही' हे तत्त्व लावता येणार नाही. ठेक्यावरच्या माणसासाठी इतक्या स्पष्ट शब्दांत कुणी बोलल्याची उदाहरणे कमी आहेत. पण 'असाधारण परिस्थिती' हा शब्द लक्षात घ्या. साध्या ऑर्डर-टंचाईत हा आदेश जसाच्या तसा लागू होईल अशी आशा धरू नये.

बंदच्या दिवसांत काय करावे, काय करू नये

ले-ऑफ असताना रोज एकदा ठरलेल्या वेळी कामावर हजर झाले पाहिजे, नाही तर भरपाईचा हक्क जातो. हे वाचून आश्चर्य वाटेल, पण कायद्यात आहे. मालकावरही ले-ऑफच्या काळात हजेरीपट ठेवण्याचे आणि हजर होणाऱ्यांच्या नोंदी घेण्याचे बंधन आहे. गेट बंद असेल, पट ठेवला नसेल किंवा "येऊच नका" असे सांगितले असेल तर ते लेखी मागा. लेखी देत नसतील तर एचआरला ईमेल किंवा मेसेज करा की मी अमुक तारखेला अमुक वेळी हजर होतो, हजेरी घेतली नाही. चार-पाच जणांनी मिळून रोज तारीख-वेळेसह फोटो ठेवावा. आलेला कुठलाही मेसेज पुसू नये.

त्याच मालकाच्या त्याच गावातल्या किंवा पाच मैलांच्या आतल्या दुसऱ्या युनिटमध्ये काम दिले, त्याला वेगळे कौशल्य लागत नसेल आणि पगार तोच असेल, तर ते नाकारल्यास भरपाई मिळत नाही. कंपनीच्याच दुसऱ्या भागातल्या संपामुळे किंवा संथ कामामुळे ले-ऑफ झाला असेल तरीही नाही.

बंदच्या दिवसांसाठी रजेचा अर्ज भरून घेण्याची पद्धत फार पसरली आहे. अर्जावर 'वैयक्तिक कारणासाठी' असे लिहिले की तुमचीच मागणी झाली, ले-ऑफ संपला, भरपाई संपली आणि साठलेली रजाही गेली. सही करावीच लागली तर "व्यवस्थापनाच्या सूचनेनुसार, कंपनी बंद असल्याने" एवढे तरी स्वतःच्या अक्षरात लिहा. कोऱ्या कागदावर किंवा 'स्वेच्छेने' शब्द असलेल्या फॉर्मवर सही करू नका. सगळ्यांनी मिळून एकाच दिवशी न येण्याचा निर्णयही विचार करून घ्यावा. नव्या संहितेत निम्म्या किंवा अधिक कामगारांनी एकाच दिवशी नैमित्तिक रजा घेतली तर तो संप धरला जातो, आणि संपाला १४ दिवस आधी नोटीस लागते. दहा किंवा अधिक जण संगनमताने, विनानोटीस गैरहजर राहिले तर आठ दिवसांपर्यंतचा पगार कापता येतो.

ईएसआयचे कार्ड बंद पडेल या भीतीने अनेक जण कंपनी सांगेल त्या अटी मान्य करतात. एप्रिल ते सप्टेंबरच्या वर्गणीवर पुढच्या जानेवारी ते जूनचे लाभ अवलंबून असतात आणि ऑक्टोबर ते मार्चच्या वर्गणीवर जुलै ते डिसेंबरचे. त्यामुळे महिनाभर कंपनी बंद राहिली म्हणून दवाखान्याचे दार लगेच बंद होत नाही.

पैसे अडकले तर पहिला अर्ज सहायक कामगार आयुक्त किंवा समेट अधिकाऱ्याकडे. पगारपत्रक, बँकेचे स्टेटमेंट, ओळखपत्र, ईएसआय व पीएफचा क्रमांक, नोटीस किंवा मेसेजचे छापील पान, हजेरीचा पुरावा, सगळे जोडा आणि अर्जाच्या आपल्या प्रतीवर पोच घ्या. ले-ऑफ भरपाईच्या वसुलीचा अर्ज रक्कम देय झाल्यापासून एका वर्षात करावा लागतो. त्यावर प्रमाणपत्र निघाले की जिल्हाधिकारी जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी ती रक्कम वसूल करतात. बुडवलेल्या वेतनाचा दावा वेतन संहितेखाली तीन वर्षांपर्यंत करता येतो.

वकिलाच्या फीची अडचण असेल तर १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याचे कलम १२ पाहा. अनुसूचित जाती-जमातीची व्यक्ती, स्त्री आणि औद्योगिक कामगार या तिघांनाही तिथे मोफत वकील मिळतो आणि त्यांना उत्पन्नाची अट नाही. बौद्ध म्हणून जातीचा दाखला अनुसूचित जातीचा असेल तर तो चालतो, कारण १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातींच्या यादीसाठी हिंदू आणि शीख यांच्यासोबत बौद्धांचाही समावेश केला आहे. दाखला नसला तरी कामगार असणे पुरेसे आहे. प्रत्येक जिल्हा न्यायालयात या प्राधिकरणाचे कार्यालय असते, तालुक्याला समिती असते. अर्ज साध्या कागदावर चालतो. कंपनीचे नाव, बंदची पहिली तारीख आणि अडकलेली रक्कम त्यात लिहिली की काम सुरू होते.